कोपऱ्यातला प्रश्न

"गाडी कुठल्या मजल्यावर लावलीस रे?" ऊर्मिलानं विचारलं आणि रुपेशच्या हातातली ट्रॉली जागच्या जागी थांबली. प्रश्नात तसं काहीच नव्हतं. शनिवारची दुपार, मॉलमध्ये ही गर्दी, ट्रॉलीत दूध, बटाट्याची जाळी, टॉयलेट पेपर आणि स्पृहाच्या हट्टाचे चॉकलेटचे म्युस्ली. खरेदी आटोपली की बायको नवऱ्याला गाडी कुठं आहे ते विचारतेच. पण ऊर्मिला त्याच गाडीत त्याच्या शेजारी बसून आली होती. लोकांनी विसरू नये म्हणून त्या पार्कहाउसच्या प्रत्येक मजल्यावर एकेका प्राण्याचं चित्र रंगवलेलं आहे. आज खांबावर बदक होतं, ते तिनंही पाहिलं होतं. नऊ वर्षांच्या स्पृहानं तर उतरल्या उतरल्या त्याच्या चोचीला हात लावला होता. मग विचारायचं कारण काय? आणि विचारून झाल्यावर ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती आधी त्याच्या डाव्या डोळ्यात बघत होती, मग उजव्या डोळ्यात. "बदक," तो फटकन म्हणाला. ती नुसतं "हं" म्हणाली आणि ट्रॉलीतली बटाट्याची जाळी उगाचच इकडची तिकडे करू लागली. रुपेशच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच, बिलाच्या रांगेत, पुढच्या म्हाताऱ्या बाई पर्समधून एकेक सेंट शोधत असताना.

ही नजर त्याच्या चांगल्या ओळखीची होती. राजाभाऊंची. मिरजेत नगरपालिकेच्या शाळेच्या हॉलात कराटेचा क्लास चालवणारे राजाभाऊ. त्यांनीच त्याला पहिली लाथ मारायला शिकवलं होतं आणि तो किकबॉक्सिंगसाठी जपानला गेल्यावर तेही पाठोपाठ तिथं आले होते. टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या एका भारतीय हॉटेलात तंदूर सांभाळायचे आणि फाइटच्या दिवशी रजा टाकून त्याच्या कोपऱ्यात उभे राहायचे. दोन राउंडच्या मधे जो मिनिटभर वेळ मिळतो, त्यात बाकीचे ट्रेनर ओरडतात, गालावर चापट्या मारतात. राजाभाऊ त्याला स्टुलावर बसवायचे, मानेवर बर्फाची पिशवी ठेवायचे, तोंडातलं गार्ड काढून पाणी पाजायचे आणि देवळात विचारावं तसं हळू विचारायचे, "सकाळी काय खाल्लंस?" मराठीत. समोरच्या कोपऱ्याला कळू नये, रेफरीला कळू नये, डॉक्टरला तर मुळीच कळू नये. त्यानं उत्तर दिलं की ते आधी डाव्या बुबुळात बघायचे, मग उजव्या, आणि गार्ड पुन्हा तोंडात सरकवायचे. उत्तर आलं नाही तर त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल रिंगमध्ये पडणार आणि फाइट तिथंच थांबणार, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं. हजारभर माणसांच्या त्या हॉलात मराठी कळणारं तिसरं कुणी नसायचं. दार लावून घेतल्यासारखे ते दोघं त्या भाषेत बसायचे.

जपानच्या आठ वर्षांतली लग्नापूर्वीची सगळी वर्षं त्यानं कावासाकीतल्या जिमच्या माळ्यावर चटई टाकून काढली. पहाटे मासळीची खोकी उतरवायची, दुपारी आपल्याहून लहान पोरांच्या लाथा पोटावर घ्यायच्या, संध्याकाळी त्याच पोरांना द्यायच्या. पोस्टरच्या अगदी तळाशी, जाहिरातींच्या वर, त्याचं नाव यायला लागलं. मग ते चढत चढत मध्यावर आलं. त्याची डावी लाथ समोरच्याच्या मांडीवर बसली की मागच्या रांगेतले म्हातारे एका सुरात "ओऽऽ" करायचे. ते "ओऽऽ" त्याला अजून कधी कधी आंघोळीच्या वेळी ऐकू येतं. त्सुकुबाला रसायनशास्त्रात संशोधन करणारी ऊर्मिला त्याला टोकियोच्या मराठी मंडळींच्या गणपतीत भेटली. आरतीच्या गर्दीत भुवईला टाके घातलेला हा माणूस कोण, असं तिनं राजाभाऊंनाच विचारलं होतं. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, ऊर्मिलाला जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या केमिकल कंपनीत नोकरी लागली आणि ओसाकाच्या त्या फाइटनंतर रुपेशला जपानात राहण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिच्या नोकरीमागून तो इथं आला, असं लोक समजतात. समजोत बापडे.

राजाभाऊंचा प्रश्न कधीच बदलत नाही, हे रुपेशच्या फार लवकर लक्षात आलं होतं. तेव्हापासून फाइटच्या आधी, हाताला पट्ट्या बांधून होत असताना, तो ते उत्तर पाढ्यासारखं घोटत बसायचा. उत्तर डोक्यात ठेवायचंच नाही, तोंडात ठेवायचं. डोकं हललं तरी तोंड हलत नाही, असा त्याचा साधा हिशेब. हे त्यानं राजाभाऊंनाही सांगितलं नव्हतं आणि पुढं ऊर्मिलालाही नाही. ओसाकाला टायटलची फाइट होती. त्या दिवशी सकाळी राजाभाऊंनी हॉटेलच्या खोलीत, बंदी असताना, छोट्या शेगडीवर मऊ भात शिजवला होता, वर रुपेशच्या आईनं मिरजेहून पाठवलेलं मेतकूट आणि तूप. दुपारभर तो घोटत होता: मऊ भात, मेतकूट, वर तूप. तिसरा राउंड संपला, तो स्टुलावर बसला, राजाभाऊंनी विचारलं आणि त्यानं सांगितलं, "मऊ भात, मेतकूट, वर तूप." स्वतःचा आवाज त्याला आजही स्वच्छ ऐकू येतो. शब्द अडखळला नव्हता, जीभ जड नव्हती. आणि राजाभाऊंनी टॉवेल टाकला. पांढरा टॉवेल हवेत जरा उलगडला, रेफरीच्या बुटाशी पडला आणि रुपेशची सगळी आठ वर्षं त्याच्याखाली गेली. नंतर ड्रेसिंगरूमच्या बोळात त्यानं राजाभाऊंना आणि प्रमोटरला एकमेकांसमोर वाकलेलं पाहिलं. जपानात सगळेच वाकतात, पण राजाभाऊ जरा जास्तच वेळ वाकलेले होते. महिन्याभरात ते मिरजेला निघून गेले आणि वर्षाच्या आत कुणीतरी त्यांच्या क्लासचा फोटो पाठवला, तर त्यात भिंतभर आरसे. नगरपालिकेच्या पोपडे उडालेल्या हॉलात भिंतभर आरसे कुठून येतात? कुठंतरी पाणी मुरत होतं. त्यानं राजाभाऊंचा नंबर पुसून टाकला, त्याला आता सहा वर्षं झाली होती. दाढी करताना बाथरूमच्या आरशात बघितलं तरी त्याला ते आरसे आठवायचे.

घरी जाताना गाडीत मागच्या सीटवर स्पृहा आणि पुढं ऊर्मिला यांचं काहीतरी चाललं होतं. जर्मनमध्ये. स्पृहा जर्मनमध्ये बोलते यात नवल नाही, तिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून येत नाही. पण ऊर्मिला? ती तर घरात जर्मन बोलायचं नाही असा नियम करणारी बाई. रुपेशचं जर्मन जिमपुरतं आहे. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, श्वास सोड. त्या दोघींच्या बोलण्यातून त्याच्या हाती 'पापा'शिवाय एकच शब्द लागला, 'वीडर'. तो त्याला पक्का माहीत होता, कारण दिवसभर तो तेच म्हणत असतो. परत. परत. परत मार. 'पापा'चं, म्हणजे त्याचंच, काहीतरी 'परत' झालं होतं. काय परत झालं? सिग्नल पडला, त्यानं आरशातून मागं पाहिलं, स्पृहा खिडकीबाहेर ट्राम बघायला लागली. ऊर्मिला लगेच मराठीत, संध्याकाळी थालीपीठं करू या का, असं म्हणाली. आता गुपित लपवण्याचं काम जर्मनकडे गेलं होतं आणि दार लावून घेतलेल्या खोलीच्या बाहेर तो एकटा होता. वाटेत कंपनीच्या चिमण्यांमधून नेहमीची वाफ निघत होती, सगळ्या गावाला येतो तो किंचित गोडसर वास येत होता, आणि त्या वासातसुद्धा त्याला आज काहीतरी मुद्दाम सोडल्यासारखं वाटलं.

कारण उघड होतं, असं त्यानं ठरवलं. पुढच्या शनिवारी मानहाइमला फाइट होती. तो ज्या जिममध्ये शिकवतो तिचा मालक एर्कान, जिमच्याच हेम्सहोफ वस्तीत वाढलेला तुर्की माणूस; त्यानं पोस्टर छापलं होतं आणि सगळ्यात वर रुपेशचं नाव टाकलं होतं, खाली लहान अक्षरांत 'टोकियोहून'. एवढ्या वर्षांत त्याचं नाव पोस्टरच्या सगळ्यात वर कधी गेलं नव्हतं. समोर कैझर्सलाउटर्नचा कुणी पंचविशीतला पोरगा. हरलो तरी चालेल, पण शेवटच्या राउंडची घंटा वाजेपर्यंत उभा राहीन, एवढंच रुपेशला हवं होतं. एक फाइट, जिच्यात टॉवेल पडलेला नाही. ती मिळाली की ओसाका पुसलं जाईल आणि राजाभाऊही. ऊर्मिलाला ते नको होतं. तोंडानं ती काही बोलली नव्हती, पण पोस्टर आणून फ्रीजवर लावलं त्या दिवशी तिनं फक्त "छान आहे रंग" म्हटलं होतं. कंपनीतल्या कलीगसमोर फुटक्या नाकाचा नवरा मिरवायची तिला लाज वाटत असेल. किंवा भीती. किंवा तिसरंच काही. फोन हल्ली टेबलावर पालथा पडलेला असायचा. फोन आला की ती बाल्कनीत जायची आणि काचेचं दार लावून घ्यायची, मार्चच्या थंडीत, स्वेटर न घालता.

आणि हे प्रश्न. आठवून पाहिलं तर ते कधीचेच सुरू झाले होते. "काल आपण काय केलं होतं रे भाजीला?" "स्पृहाच्या टीचरचं नाव काय?" "परवा कोण भेटलं म्हणालास?" सगळे कांदा चिरता चिरता, कपडे वाळत घालता घालता विचारलेले, आणि उत्तर दिलं की चाकू थांबायचा, डावं बुबुळ, उजवं बुबुळ. त्याच्याकडून मधूनमधून काही गोष्टी घडल्या होत्या, नाही असं नाही. एका रविवारी तो स्पृहाला आणायला शाळेत गेला होता आणि बंद फाटकासमोर बराच वेळ उभा होता. पण त्या आठवड्यात सुट्ट्याच इतक्या होत्या की वार कुणाच्या लक्षात राहतो? गॅसवर दूध ठेवून जिमला गेला होता. दूध कोण विसरत नाही? हेम्सहोफहून घरी येणारी ट्राम सोडून दुसऱ्याच ट्राममध्ये बसून ओगर्सहाइमला पोचला होता, तर त्या दिवशी ट्रामचे नंबरच बदलले होते, निदान बदलले असावेत. प्रत्येक गोष्टीचं त्याच्याकडे तयार उत्तर होतं. आणि हल्ली तर तो सकाळी दाढी करता करता दिवसाची उत्तरंही तयार करून ठेवायचा. उद्याच्या सकाळची अशी: आज रविवार. काल भाजीला दोडका. टीचर फ्राउ लांग. गाडी बदकापाशी. आपल्याला कुणी पकडू पाहतंय हे कळल्यावर माणसानं तयारीनं राहावं, यात लपवाछपवी कसली, असं त्याचं म्हणणं होतं. हे म्हणणं त्यानं कुणाला ऐकवलं नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी गाल अर्धवट साबणात असताना त्याला काचेच्या दाराचा आवाज आला. तो तसाच बाहेर आला. ऊर्मिला बाल्कनीत पाठमोरी उभी होती, दार नीट लागलं नव्हतं आणि बोटभर फटीतून मराठी येत होती. "हो, काल पण विचारलं. बरोबर सांगतो हो तो, राजाभाऊ, सगळं बरोबर सांगतो, तेच तर मला कळत नाहीये." मग पलीकडून काहीतरी लांबलचक सांगणं चाललं आणि ती कठड्याला धरून ऐकत राहिली. म्हणजे सगळं त्याला वाटलं होतं तसंच होतं. दोघं मिळालेले होते. ओसाकाचा टॉवेल आता मानहाइमला पोचवायची व्यवस्था चालली होती आणि ती चालवत होती त्याची स्वतःची बायको, त्याच्याच घराच्या बाल्कनीतून. त्याला इतका राग आला की बरं वाटलं. इतक्या दिवसांचा संशय खरा ठरला की माणसाला एक प्रकारचा आराम मिळतो. त्यानं दार सरकवलं, हात पुढं केला, ऊर्मिलानं त्याच्याकडे बघितलं आणि फोन दिला. तिचे ओठ थंडीनं पांढरे पडले होते.

"राजाभाऊ," तो म्हणाला, "आरसे कसे आहेत?"

पलीकडे मिरजेच्या रस्त्यावरचा हॉर्न वाजला. मग राजाभाऊंचा आवाज आला, जरा म्हातारा झालेला. कसले आरसे, असं त्यांनी विचारलं. क्लासातले, असं रुपेशनं सांगितल्यावर ते हसल्यासारखे झाले. एक सलून बंद पडलं होतं, त्याचे काढून आणले होते. एकाला तर पहिल्या दिवसापासून तडा आहे आणि पोरं त्याच्यासमोर उभी राहायला भांडतात, कारण त्यात दोन-दोन दिसतात. सहा वर्षं मनात सांभाळलेला पुरावा असा न्हाव्याच्या दुकानात निघाला. पण रुपेश इतक्यात सोडणार नव्हता. प्रमोटरसमोर इतका वेळ कशाला वाकला होतात, असं त्यानं विचारलं. त्याचा शो मधेच मोडला म्हणून माफी मागत होतो, राजाभाऊ म्हणाले, दुसरं काय करणार. मग रुपेशनं शेवटचं काढलं. ते त्यानं मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की म्हणताना त्याचा आवाजसुद्धा चढला नाही.

"मी उत्तर बरोबर दिलं होतं, राजाभाऊ."

"काय दिलं होतंस?"

"मऊ भात, मेतकूट, वर तूप."

"बरोबर. हेच म्हणालास. पण रुप्या, त्या दिवशी मी ते विचारलंच नव्हतं."

रुपेशच्या गालावरचा साबण वाळून ओढायला लागला होता. समोरच्या इमारतीत एक बाई गाद्या झटकत होती. राजाभाऊ सांगत होते ते हळूहळू, एकेक पायरी उतरावं तसं येत होतं. तिसरा राउंड संपल्यावर तू माझ्याकडे आलाच नाहीस. समोरच्याच्या कोपऱ्याकडे चालत निघालास, त्याच्या स्टुलावर बसायला. लोक हसले. रेफरीनं हाताला धरून आणून सोडलं. मला काही सुधरेना, तेव्हा मी सकाळचं काही विचारलं नाही. मी विचारलं, मी कोण? "तू म्हणालास, मऊ भात. मी परत विचारलं, रुप्या, बघ माझ्याकडे, मी कोण आहे? तू म्हणालास, मेतकूट, वर तूप. आणि हसलास माझ्याकडे बघून, पेपर सोपा गेल्यासारखा."

मग का नाही सांगितलंत, असं रुपेशनं विचारलं असावं, कारण राजाभाऊ त्याचंच उत्तर देत होते. "सांगून तू काय केलं असतंस? मला चोर समजत होतास, ते मला परवडत होतं. माणूस स्वतःच्या डोक्याला चोर समजायला लागला तर जगणार कसा? वाटलं, मारामारी सुटली, बायको शहाणी आहे, निभेल. आता ही म्हणते, सगळी उत्तरं बरोबर देतो. तेव्हाच मला धस्स झालं बघ. आत्ता घटकेपूर्वी ओसाकाचं सांगितलं मी तिला, पहिल्यांदाच." एवढं बोलून त्यांनी नाक ओढलं. रुपेशनं फोन कानापासून काढला, पण बंद केला नाही. तो ऊर्मिलाच्या हातात परत दिला आणि कठड्याला धरून उभा राहिला.

मऊ भात अजूनही त्याच्या तोंडात होता. चव, वाफ, मेतकुटाचा वास, सगळं होतं. फक्त प्रश्न नव्हता. त्यानं शोधून पाहिला. स्टूल आठवलं, बर्फ आठवला, राजाभाऊंचा वाकलेला चेहरा आणि हलणारे ओठ आठवले, पण त्या ओठांतून काय येत होतं ते कधी ऐकलंच नव्हतं. सहा वर्षं तो त्या ओठांवर आपल्याला हवा तो प्रश्न लावत आला होता. आणि मग त्याला बंद फाटक दिसलं, रविवारचं, दूध दिसलं, ओगर्सहाइमचा शेवटचा थांबा दिसला. रोज सकाळी आरशात तो कुणाला फसवत होता? ऊर्मिला रोज एक दोरी खाली सोडत होती आणि तो रोज मोठ्या हुशारीनं ती वर परत पाठवत होता. त्याला भीती वाटली. रिंगमध्ये कधी वाटली नव्हती अशी. ही भीती राजाभाऊंनी सहा वर्षं स्वतःच्या अंगावर चोरीचा आळ घेऊन त्याच्यापासून लांब ठेवली होती, आणि त्यानं त्यांचा नंबर पुसून टाकला होता.

आतून स्पृहानं काहीतरी विचारलं, ऊर्मिलानं तिला मराठीत, दूध पी, असं सांगितलं. फ्रीजवरचं पोस्टर इथून दिसत होतं, त्याचं नाव सगळ्यात वर. ऊर्मिला त्याच्या समोर येऊन उभी राहिली. फोन तिनं खिशात ठेवला होता. बाहीच्या टोकानं तिनं त्याच्या गालावरचा साबण पुसला आणि काहीतरी विचारलं. तिचे ओठ हलले, शेवटी आवाज वर चढला, म्हणजे प्रश्न होता हे त्याला कळलं. तिनं आज डोळ्यांत बघितलं नाही. चेहऱ्याकडेच बघत होती. आणि त्याच्या जिभेवर उत्तर आलंसुद्धा, घोटलेलं, तयार, बिनचूक. बदक.

त्यानं तोंड मिटून घेतलं. ते उत्तर गिळायला त्याला बरीच ताकद लागली. बाई गाद्या झटकून आत निघून गेली होती. खाली रस्त्यावरून ट्राम गेली, तिचा नंबर त्यानं वाचला नाही.

"परत विचार," तो म्हणाला. "मी ऐकलं नाही."

ऊर्मिलाचा हात त्याच्या गालावर तसाच होता. तिनं पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, "एर्कानला तू सांगतोस, का मी येऊ बरोबर?"

या प्रश्नाचं त्याच्याकडे तयार उत्तर नव्हतं. त्यानं तो प्रश्न मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा म्हणून पाहिला आणि तो पुरता कळल्यावर फ्रीजवरच्या पोस्टरकडे एकदा पाहिलं.

"तू ये," तो म्हणाला.